शोभाताईंचं मत आणि गुलाबी मासा

पनवेलला लाइन आळीच्या मागे एक तीन मजली इमारत होती आणि तिच्या दुसऱ्या मजल्यावर शोभा टिपणीस नावाच्या बाई राहत. नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, नवरा प्रभाकर रसायनीला कारखान्यात, आणि मत प्रत्येक गोष्टीवर. मत तुम्हाआम्हालाही असतं, नाही असं नाही. पण आपलं कसं, कोणी विचारलं तर सांगतो, नाहीतर गिळून बसतो. शोभाताईंच्या मताला विचारण्यापर्यंत धीर नसे. भाजीवाल्याने फ्लॉवरवर पाणी मारलं, मत. शेजारच्या बिल्डिंगीत कोणी टीव्हीला झालरीचं झबलं शिवलं, मत. वाण्याच्या दुकानात एखादी बाई गाऊनवर टॉवेल टाकून उभी दिसली, की मत इतक्या मोठ्याने, की ती बिचारी साखर विसरून घरी जायची.

"एक तर गाऊन घाल, नाहीतर रस्त्यावर ये," शोभाताई म्हणत. "दोन्ही एकदम कशाला?"

एक शब्द मात्र त्यांना मुळीच खपत नसे, तो म्हणजे 'बरं आहे'. आज बिरडं कसं झालंय म्हणून विचारलं आणि समोरचा 'बरं आहे' म्हणाला, की वाटी मागे घेतील असा चेहरा. "बरं आहे हे मत नव्हे. ताप उतरला का विचारल्यावर द्यायचं उत्तर आहे ते. चांगलं म्हणा नाहीतर भिकार म्हणा, पण काहीतरी म्हणा." आणि प्रभाकररावांचा तर सगळा संसार त्या एका शब्दावर चाललेला. साडी बरी आहे, पडदे बरे आहेत, तुझं म्हणणं बरं आहे. देव जोड्या जुळवतो म्हणतात, त्या दिवशी तो जरा घाईत असावा.

हे सगळं एका जिन्यापुरतं राहिलं असतं तर गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण साल पंच्याण्णवचं. पनवेलमध्ये कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीच्या पिवळ्या पाट्या लागल्या, लोक आपापले नंबर आपणच फिरवायला लागले, आणि इतकी वर्षं ट्रंक कॉल जोडून देणाऱ्या शोभाताईंच्या आवाजाला एक्स्चेंजमध्ये काम उरलं नाही. त्याच सुमाराला गच्च्यागच्च्यांवरून काळ्या वायरी धावायला लागल्या. आपल्या भागातल्या वायरी कल्पेशच्या. कल्पेश म्हणजे गळ्यात सोन्याची साखळी, कमरेला पाउच, मोटरसायकलवर मागे वायरचं भेंडोळं. महिन्याचे पैसे मागायला तो आला, तेव्हा शोभाताईंनी त्याला दारातच धरलं. मालिकांतल्या बायका दागिने घालून झोपतात कशा, त्यांना टोचत नाही का, निवेदिका मराठी बोलताना तोंडात गरम बटाटा असल्यासारख्या का बोलतात, सगळं त्यालाच विचारलं, जणू मालिका तोच काढतो.

कल्पेश हसत उभा राहिला. मग म्हणाला, "ताई, तुमी हे माज्या लोकल चॅनलवर बोला ना. पिक्चरच्या आदी धा मिन्टं. लोक पिक्चर सोडून तुमालाच बगतील, खोटं नाय बोलत."

असा 'शोभाताई म्हणतात' हा कार्यक्रम सुरू झाला. कल्पेशच्या ऑफिसमागची खोली, निळा पडदा, प्लॅस्टिकच्या फुलांची कुंडी, आणि आवाज येतो म्हणून बंद केलेला पंखा. रेकॉर्डिंग शनिवारी दुपारी, दाखवायचं शनिवारी रात्री साडेआठला, आणि ज्यांचं चुकलं त्यांच्यासाठी रविवारी त्याच वेळेला पुन्हा. महिन्याभरात पनवेलात त्यांची वाक्यं फिरायला लागली. एसटी स्टँडसमोरच्या हातगाड्यांवरचं मंचुरियन म्हणजे कोबीची भजीच, लाल झालीत ती शरमेने. स्टोनवॉश पँट म्हणजे नवी कोरी विटकी वस्तू दुप्पट पैशांत. केळवणाला पावभाजी करणारी घरं श्राद्धाला काय करणार, हा प्रश्न त्यांनी पनवेलकरांपुढे उघड उघड टाकला. आणि दर दोन-तीन आठवड्यांनी फिरून एक ठरलेलं गाऱ्हाणं: केबल आल्यापासून माणसं जिन्यात उभी राहून बोलत नाहीत, दारं लावून डबड्यापुढे बसतात. हे त्या केबलवरूनच सांगत, आणि लोक दारं लावून ऐकत.

आता एक आतली गोष्ट. ही सगळी वाक्यं शोभाताईंची असली तरी त्यांतली ठेवायची कोणती आणि टाकायची कोणती, हे ठरवायची रमा.

रमा समोरच्या दारात राहायची. शोभाताईंपेक्षा चारपाच वर्षांनी लहान, अंगाने बारीक, आवाज त्याहून बारीक. मत म्हणाल तर रमाला नव्हतंच. निदान शोभाताईंचा तरी तसा समज होता. रमाची साडी शोभाताई निवडत, रमाच्या सोफ्याचं कापड शोभाताई निवडत, रमाने केस कापावे की नाही तेही शोभाताईंनी ठरवलं, नाही असं. शनिवारी सकाळी रमा चहाचे दोन कप घेऊन यायची, शोभाताई उभं राहून सगळं बोलून दाखवायच्या, आणि रमा ऐकायची. तिचं हसणं अजब होतं. आवाज नाही, काही नाही. पदराचा बोळा तोंडात आणि खांदे गदगद. खांदे हलले की वाक्य राहिलं. नाही हलले तर शोभाताई विचारत, "काय गं?" रमा म्हणायची, "कुणाला तरी लागेल ते." की वाक्य कटाप. शोभाताईंना ते कळायचं नाही, पटायचंही नाही, पण त्या ऐकायच्या. साऱ्या पनवेलात त्या एका बाईचं ऐकायच्या, आणि हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

संक्रांत आली. तिळगूळ घ्या गोड बोला म्हणताना लोक शोभाताईंच्या हातावर जरा जास्तच तिळगूळ ठेवत, ते सोडा. मुद्दा हळदीकुंकवाच्या वाणाचा. त्या वर्षी वाणात प्लॅस्टिक शिरलं होतं. कोणाकडे चहाची गाळणी, कोणाकडे चिमटे, कोणाकडे झाकण न बसणारा डबा. शोभाताईंच्या घरात गाळण्यांचा ढीग झाला आणि मत उकळायला लागलं. शुक्रवारी त्या बाजारात गेल्या तर भांड्यांच्या दुकानात दाराशीच साबणदाण्यांचा ढिगारा. माशाच्या आकाराच्या, गुलाबी. गुलाबी म्हणजे डोळ्यांत बोट घालील असा.

"हे कोण घेतं हो?" शोभाताईंनी विचारलं.

"वाणाला जातायत, ताई. परवा एक बाई आल्या, एकगठ्ठा पिशवीभर घेऊन गेल्या," दुकानदार म्हणाला.

शोभाताईंनी एक हातात घेऊन उलटी केली. तळाला पाणी जायला भोक नव्हतं. तिथे त्यांना जो आनंद झाला, तो काही सांगण्याची सोय नाही.

आणि त्या शनिवारी रमा नव्हती. आपटा गावी तिची आई अंगणात पाय मुरगळून पडली म्हणून ती दोन दिवसांपूर्वीच माहेरी गेली होती, रविवारी सकाळी परतणार होती, कारण रविवारी संध्याकाळी तिचं स्वतःचं हळदीकुंकू होतं. शोभाताईंनी दोन घटका वाट पाहिल्यासारखं केलं, मग चहा एकटीने प्यायल्या आणि प्रभाकररावांना समोर बसवलं. सगळं बोलून दाखवलं. प्रभाकरराव म्हणाले, "बरं आहे." यावर जायचं कसं? त्या तशाच कल्पेशकडे गेल्या आणि पंखा बंद करून बसल्या.

त्या शनिवारी जे पनवेलभर गेलं ते असं: "वाणाला एक नवीन मासा आलाय. गुलाबी. करंज्याच्या बंदरावर जाऊन विचारा, असा मासा कुणाच्या बापाने जाळ्यात बघितलेला नाही. याच्या पोटात साबण ठेवायचा. खाली भोक नाही, त्यामुळे सकाळपर्यंत साबणाची खीर तयार. वाटीने घ्या आणि अंगाला लावा. दुकानदार मला म्हणाला, एका बाईंनी हे एकगठ्ठा नेलेत. त्या बाईंना मी ओळखत नाही, पण कुठे भेटल्या तर मी त्यांच्या पाया पडणार आहे. इतक्या बायकांवर एकदम सूड उगवायचा म्हणजे छातीच लागते."

लोक हसून लोळले. दुसऱ्या दिवशी वाण्याने शोभाताईंना विचारलं, "ताई, खीर झाली का?" त्या खुशीत होत्या. पाडव्याला नवी साडी नेसल्यावर माणूस जसा चालतो तशा चालत त्या संध्याकाळी समोरच्या घरात हळदीकुंकवाला गेल्या.

रमाने घर कसं सजवलं होतं म्हणून सांगू. दारात रांगोळी, अत्तरदाणी, गुलाबदाणी, सतरंजीवर बायका दाटीवाटीने बसलेल्या, मसाला दुधाचा वास. शोभाताई आत शिरल्या तेव्हा त्यांना पहिली गोष्ट जाणवली ती ही, की बायका खूप गप्प आहेत. तळमजल्याच्या हौसाकाकू, ज्या कीर्तनातसुद्धा गप्प बसत नाहीत, त्या छताकडे बघत होत्या आणि त्यांचे ओठ आतल्या आत दाबलेले होते. मग शोभाताईंचं लक्ष हौसाकाकूंच्या मांडीवर गेलं. मांडीवर गुलाबी मासा.

शोभाताईंनी सतरंजीभर नजर फिरवली. सगळ्यांच्याच मांडीवर मासे होते. सगळ्या बायका एकदा माशाकडे आणि एकदा शोभाताईंकडे बघत होत्या.

रमाने त्यांना हळदीकुंकू लावलं, हातावर तिळगूळ ठेवला, ओटीत बोरं-हरभरे घातले आणि टोपलीतून एक मासा काढून दोन्ही हातांनी पुढे केला. तिचा चेहरा असा फुललेला शोभाताईंनी कधी बघितला नव्हता.

"तू त्या दिवशी ड्यूटीवर होतीस ना, म्हणून मी एकटीच गेले," रमा हळूच म्हणाली. "म्हटलं, दर वेळेला तुला काय त्रास द्यायचा. एकदा आपलं आपण घेऊन बघू. सांग ना, कशी आहे माझी निवड?"

ज्या बाईला फ्लॉवरवरच्या पाण्यावर मत होतं, ती मासा घेऊन ओटीतली बोरं मोजायला लागली. मागून कोणीतरी फसकन हसलं आणि खोकल्यासारखं केलं. रमाला वाटलं, दूध अडकलं असेल. ती पाणी आणायला वळली आणि वळता वळता म्हणाली, "काल तुझा कार्यक्रम हुकला गं माझा. आपट्याला कुठलं केबल. पण आज साडेआठला आहे ना पुन्हा? सगळं आवरून बसणार आहे मी."

शोभाताई घरी आल्या त्या थेट प्रभाकररावांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. हातात मासा तसाच. झालं ते सांगितलं. प्रभाकरराव पेपर खाली ठेवून म्हणाले, "मग तिला सांगून टाक."

"काय सांगू? की तुझ्या पाया पडायचंय?"

सांगायचं म्हणजे समोरच्या दारात जायचं, आणि रमाचा तो फुललेला चेहरा आपल्या हाताने पुसायचा. ते शोभाताईंच्याने होणार नव्हतं. त्यांनी कल्पेशच्या ऑफिसला फोन लावला, टेप लावू नको म्हणून सांगायला. कोणी उचलला नाही. कल्पेश उरणला भावाच्या हळदीला गेला होता आणि मागे ठेवलेला माणूस टेप लावून वडापाव आणायला गेला असावा. सव्वाआठ झाले. मग शोभाताईंनी पदर खोचला.

"गच्चीवर चला," त्या म्हणाल्या. "बॅटरी घ्या."

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये इतकी वर्षं काढलेल्या बाईला वायर कुठून येते आणि कुठे जाते हे सांगावं लागत नाही. पाण्याच्या टाकीमागे कल्पेशचा पत्र्याचा डबा होता. त्यांनी तो उघडला, जाड वायरीची पिन धरली, आणि प्रभाकरराव "अगं, पण," एवढं म्हणेपर्यंत उपटली. डबा त्यांच्या गच्चीवर असला तरी पुढची सगळी आळी त्याच्यावर लोंबत होती, हे त्यांना माहीत होतं की नाही कोण जाणे. एकाएकी साऱ्या आळीतले टीव्ही खरखरायला लागले. रविवारची रात्र, शोभाताईंच्या नंतर पिक्चर, आणि घराघरांतून नुसती मुंग्यांची रांग. शोभाताईंनी पिन पदराने पुसून डब्यात ठेवली. चला, सुटलो एकदाचे, त्यांना वाटलं.

आता बघा, करायला जावं एक आणि व्हावं भलतंच, ते कसं. टीव्ही गेल्यावर माणूस काय करतो? आधी डबड्यावर थापटी मारतो. मग शेजारी विचारायला बाहेर येतो, तुमच्याकडे आहे का म्हणून. पाच मिनिटांत साऱ्या इमारतीची दारं उघडली. वर्षभरात जिन्यात न दिसलेली माणसं जिन्यात आली, कठड्याला टेकली, पायऱ्यांवर बसली. कोणी शेंगदाणे काढले. शोभाताईंनी केबलवरून इतके महिने ज्याची हाकाटी केली होती ते अगदी तंतोतंत घडलं होतं. लोक जिन्यात उभे राहून एकमेकांशी बोलत होते. आणि बोलणार कशावर? काल जे बघितलं त्यावर.

गच्चीवरून खाली उतरताना शोभाताईंना आधी हौसाकाकूंचा आवाज ऐकू आला. त्या पायरीवर ऐसपैस बसून नकलेसकट सांगत होत्या. "आणि म्हणते कशी, साबणाची खीर. वाटीने घ्या आणि अंगाला लावा. मग म्हणते, त्या बाई भेटल्या तर मी त्यांच्या पायाच पडणार आहे. एवढ्या बायकांवर सूड…" आणि तिथे त्या थांबल्या, कारण त्यांना आठवलं, समोर कठड्याशी कोण उभं आहे ते.

रमा उभी होती. हळदीकुंकवाची साडी अजून अंगावर, हातात पुसायला घेतलेली गुलाबदाणी. तिने वर बघितलं. वरच्या वळणावर शोभाताई, मागे बॅटरी घेतलेले प्रभाकरराव. मग ती घरात गेली आणि तिने दार लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं. तिने ते इतकं हळू लावलं, की कडीचा आवाज मात्र सगळ्यांना ऐकू आला.

थोड्या वेळाने कल्पेश हळदीतून उठून मोटरसायकलवर आला, कपाळाला पिवळं लागलेलं. "पिन कोनी काडली?" तो जिन्यात ओरडला. जन्मात कधी खोटं न बोललेले प्रभाकरराव पुढे झाले आणि म्हणाले, "पतंग अडकला असेल."

"पतंग अडकला आनि पिन काडून पुसून डब्यात ठेवली?" कल्पेश म्हणाला. त्याने शोभाताईंच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही. पोरगा धंद्यातला होता, पण माणूस होता.

तो आठवडा शोभाताईंना फार जड गेला. समोरचं दार लावलेलंच राहिलं. रमा दिसायची, शोभाताईंनी "कशी आहेस?" विचारलं की "बरी आहे" म्हणून सांगायची आणि निघून जायची. आयुष्यात पहिल्यांदा शोभाताईंना त्या शब्दाने मारलं. भांडली असती तरी चाललं असतं, भांडणात शोभाताईंचा हात धरणारं पनवेलात कोण होतं? पण बरी आहे याला उत्तर काय देणार.

बुधवारी करंज्याची भीमाबाई कोळीण सोडे विकायला घेऊन आली. टोपली उतरवून तिने कनवटीच्या पिशवीतून मिश्री काढली, तर मिश्रीची डबी कुठली, गुलाबी मासा.

"रमाबायनं दिला," भीमाबाई कौतुकाने म्हणाली. "आख्खा जलम मासली इकली, बाय, पन असा मासा नाय बगला. वास नाय, बरफ नको, आनि चार दिस झालं तरी ताजाच हाय." ती आपल्याच बोलण्यावर पोटभर हसली. शोभाताई हसल्या नाहीत. हे वाक्य आपल्याला सुचायला हवं होतं, असं मात्र त्यांना वाटलं, आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली.

शुक्रवारी रात्री त्या पुढच्या कार्यक्रमाचं लिहायला बसल्या. विषय लग्नातल्या व्हिडिओ शूटिंगचा. तीनदा लिहिलं. कुठलं हसू आणील आणि कुठलं कुणाला लागेल, काहीच उमगेना. आजवर त्यांना वाटायचं, आपण विनोदी आहोत. आता कळलं, आपण नुसत्या बोलत होतो. गाळणी समोरच्या घरात होती. शोभाताई ओट्याशी जाऊन उभ्या राहिल्या आणि ओठ चावून रडल्या. प्रभाकरराव दारात आले, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि देवाने बुद्धी दिली म्हणून मिटलं.

शनिवारी सकाळी शोभाताईंनी चहाचे दोन कप भरले आणि त्या स्वतः समोर गेल्या. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा झालं. रमाने दार उघडलं. चहाकडे बघितलं. आत ये म्हणाली नाही, पण दारातून बाजूला झाली.

"बस," शोभाताई म्हणाल्या. "मागच्या शनिवारचं बोलून दाखवते. तू नव्हतीस."

आणि त्यांनी उभं राहून ते सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत बोलून दाखवलं. एकही शब्द गाळला नाही. मासा, जाळं, भोक, खीर. ज्या खोलीत हसायला कोणी नाही तिथे तीच वाक्यं कशी लागतात, ते त्यांना स्वतःच्याच तोंडून ऐकावं लागलं. रमा कप हातात धरून जमिनीकडे बघत होती.

"खिरीचं ठेवायला हरकत नव्हती," ती शेवटी म्हणाली. "भोक नाहीच आहे. मी बघायलाच विसरले. पण त्या बाईंचं सगळं काढायला सांगितलं असतं मी तुला. ती बाई कोणीही असती तरी."

"काढते. आज केबलवर तुझी सगळ्यांसमोर माफी मागते."

"खबरदार," रमा म्हणाली. तिचा बारीक आवाज इतका धारदार होऊ शकतो, हे शोभाताईंना ठाऊक नव्हतं. "अर्ध्या पनवेलला अजून कळलेलं नाही ती बाई कोण. त्यांना तू सांगणार?"

मग त्यांना जे सुचलं ते त्यांनी केलं. त्या खाली वाकल्या आणि रमाच्या पायांना त्यांनी हात लावला. बोलल्या होत्या ना, भेटल्या तर पाया पडणार म्हणून. रमाने उंदीर बघितल्यासारखे दोन्ही पाय सोफ्यावर ओढून घेतले.

"अगं, वेडी आहेस का? मोठी आहेस तू माझ्यापेक्षा. चहा सांडेल. ऊठ."

शोभाताई उठल्या नाहीत. तिथेच जमिनीवर बसून त्यांनी डोळे पुसले. मग रमाने चहाचा घोट घेतला, साखर कमी आहे असं चेहऱ्यावर आलं, पण बोलली नाही.

"आजचं काय आहे?" तिने विचारलं.

शोभाताईंनी चुरगळलेला कागद उघडला. लग्नातल्या शूटिंगचं सांगायला लागल्या. त्या हृदयाच्या आकारात येणाऱ्या नवऱ्यामुलीच्या चेहऱ्याचं सांगितलं. रमाचे खांदे हलले नाहीत. "हे शिळं आहे," ती म्हणाली. कटाप. मग जेवणाऱ्या पाहुण्यांच्या तोंडावर लाइट मारतात त्याचं. "लाइटवाला पोरगा बिचारा पोटासाठी करतो. काढ." कटाप. मग शोभाताई म्हणाल्या, "मुलगी सासरी जाताना नीट रडली, पण कॅमेऱ्यात टेप संपली होती. तर शूटिंगवाला म्हणाला, एकदा परत रडा. मुलीच्या आईने तेवढ्यात पावडर लावून घेतली."

रमाने पदर तोंडात कोंबला. खांदे गदगदा हलायला लागले, कप बशीत वाजायला लागला. शोभाताई तो आवाज ऐकत बसल्या.

"राग गेला?" त्यांनी जरा वेळाने विचारलं.

"नाही," रमा डोळे पुसत म्हणाली. "राग आहे. पण वाक्य चांगलंय. ठेव."

शोभाताई त्यानंतरही बरीच वर्षं केबलवर बोलत राहिल्या. ढोकळ्यावर चीज घालणाऱ्यांपासून ते मोबाइल शर्टाच्या खिशात दिसेल असा ठेवणाऱ्यांपर्यंत कोणाला त्यांनी सोडलं नाही. कल्पेशला मात्र त्यांनी एक अट घातली होती, शनिवारी सकाळी समोरच्या घरी कुलूप असेल तर त्या दिवशी नुसता पिक्चर लावायचा. पुढे रमा स्वतःच्या साड्या स्वतः घ्यायला लागली. त्यांतल्या काही भयंकर होत्या.

आणि शोभाताईंच्या न्हाणीत तो गुलाबी मासा राहिला. रोज सकाळी त्यात साबणाची खीर झालेली असायची, रोज त्या ती ओतून टाकायच्या आणि मासा धुऊन परत जागेवर ठेवायच्या. प्रभाकररावांनी एकदा सळई तापवून भोक पाडू का विचारलं, तर त्यांच्यावरच खेकसल्या. एकदा पुण्याच्या नणंदबाई राहायला आल्या होत्या. त्या हात धुऊन बाहेर आल्या, बोटांना साबण तसाच चिकटलेला, आणि नाक मुरडून म्हणाल्या, "वहिनी, तुमच्यासारख्या बाईच्या घरात ही असली साबणदाणी? काय म्हणावं हिला?"

समोरचं दार उघडं होतं. रमा आत भाजी निवडत होती.

"बरी आहे," शोभाताई म्हणाल्या, आणि नणंदबाईंना टॉवेल दिला.